चामडे की कापड? ठाण्याच्या बंदरापासून चिल्हार फाट्यापर्यंत : एक थ्रेड

तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने 'ताना' नावाच्या राज्याचे वर्णन केले. हे ताना म्हणजे आपले ठाणे. तिथल्या बंदरातून परदेशी जाणाऱ्या मालात त्याला दोन वस्तू विशेष उल्लेखनीय वाटल्या. एक, नाना प्रकारचे उत्तम कमावलेले चामडे. दुसरी, सुती कापड. शेजारच्या गुजरातेतून बकरी, बैल आणि म्हैस यांची कमावलेली कातडी जहाजे भरभरून अरबस्तानाकडे जात, हेही तो सांगतो.

पालघर हा १ ऑगस्ट २०१४ पर्यंत त्याच ठाणे जिल्ह्याचा भाग होता. आज बोईसरचा एखादा तरुण पहिल्या पगारातून मोटरसायकलवर बसण्यासाठी संरक्षक जॅकेट घ्यायला निघतो, तेव्हा दुकानात त्याच्यासमोर हेच दोन पदार्थ टांगलेले असतात: चामडे आणि कापड. प्रश्न नवा वाटतो, पण तो फार जुना आहे.

किती जुना? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराध्यक्षाच्या प्रकरणात कवचांची यादी आहे. तीत लोखंडी जाळीच्या आणि पत्र्याच्या कवचांसोबत सुताच्या कवचाचा उल्लेख येतो. त्याच यादीत गेंडा, हत्ती, बैल अशा प्राण्यांच्या कातड्याची कवचेही आहेत. म्हणजे अंगावर काय चढवावे, कातडे की सूत, हा विचार राज्याच्या कोठारात दोन हजार वर्षांपूर्वीच नोंदला गेला होता.

सुती कवच ऐकून हसू येणे साहजिक आहे. पण कापसाचे थर एकावर एक ठेवून दाट टाके घातले की तयार होणारी गादी बाणाचा वेग जिरवते आणि तलवारीचा घाव बोथट करते. मेक्सिकोत उतरलेल्या स्पॅनिश सैनिकांनी अझ्टेकांची अशीच कापूस भरलेली अंगरखी पाहिली, आणि उष्ण हवेत पोलाद सोसेना म्हणून त्यांपैकी अनेकांनी तीच अंगावर चढवली. हवामान सैनिकाची निवड बदलते, हा मुद्दा पुढे पालघरच्या रस्त्यावर पुन्हा भेटणार आहे.

महाराष्ट्रात दोन्ही पदार्थ एकाच घोडेस्वाराच्या अंगावर नांदले. हातातली ढाल गेंड्याच्या किंवा म्हशीच्या कातड्याची, अंगात जाड सुती बंडी. लोखंडी कड्यांचे चिलखत मोजक्यांनाच परवडे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखानाच्या भेटीला जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातले होते, हे सर्वश्रुत आहे. मात्र मराठी फौजेचे बळ हलकेपणात होते. दिवसाला लांबची मजल मारणाऱ्या स्वाराला अंगावरचे प्रत्येक शेर वजन मोजावे लागे.

मग कवचे गेली कुठे? उत्तर तारापूरच्या किल्ल्यापाशी सापडते. जानेवारी १७३९ मध्ये वसई मोहिमेत चिमाजी आप्पांच्या फौजेने माहीम, केळवे, तारापूर ही पोर्तुगीज ठाणी एकामागून एक घेतली. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर हा नामांकित सरदार गोळी लागून पडला. बंदुकीच्या गोळीपुढे कातड्याची ढालही व्यर्थ आणि सुताची बंडीही. पुढच्या शंभर वर्षांत अंगावरचे कवच जगभरच्या रणांगणांतून जवळजवळ नाहीसे झाले.

ते परत आले ते मोटरसायकलमुळे. या वेळी शत्रू रस्ता होता.

सुरुवातीच्या मोटरसायकलस्वाराला पडण्याची नव्हे, थंडीवाऱ्याची आणि पावसाची भीती होती. इंग्लंडात त्यावर उपाय निघाला तो खलाशांच्या शिडावरून: सुती कापडाला तेल किंवा मेण पाजायचे. बेलस्टाफ ही कंपनी १९२४ साली स्थापन झाली. बार्बरने १९३६ मध्ये मेणकापडाचा मोटरसायकलस्वारांसाठीचा सूट आणला. १९४८ मध्ये बेलस्टाफचे 'ट्रायलमास्टर' जॅकेट आले. हे सारे कापडच होते, हे आजच्या चामडेप्रेमींनी ध्यानात घ्यावे.

आपल्या किनाऱ्याला ही युक्ती परकी नव्हती. ऐनासारख्या झाडांच्या सालीच्या काढ्यात सुती जाळी बुडवून ती खाऱ्या पाण्यात टिकाऊ करण्याची रीत कोळी-मांगेल्यांत होती. गंमत अशी की सालीतल्या ज्या टॅनिनने जाळे टिकते, त्याच टॅनिनने कातड्याचे चामडे होते. चामडे आणि कापड यांचे भांडण वाटते तितके सख्खे नाही.

चामड्याची बाजू अमेरिकेत उभी राहिली. १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या अर्व्हिंग शॉटने 'परफेक्टो' नावाचे जॅकेट शिवले. त्याला तिरकी चेन आणि रुंद कॉलर होती, आणि किंमत साडेपाच डॉलर. नाव त्याच्या आवडत्या सिगारवरून. १९५३ च्या 'द वाइल्ड वन' चित्रपटात मार्लन ब्रँडो याच धाटणीचे जॅकेट घालून मोटरसायकलवर बसला आणि चामडे बंडखोरीचे चिन्ह झाले. ब्रिटनमध्ये त्या चित्रपटाला १९६७ पर्यंत प्रमाणपत्र मिळाले नाही, यावरून त्याचा धसका कळावा.

पण चामड्याचा खरा अधिकार शर्यतीच्या मैदानावर सिद्ध झाला. १९५० च्या सुमारास जेफ ड्यूक या ब्रिटिश शर्यतपटूने अंगाबरोबर बसणारा एकसंध चामडी सूट वापरला. हेतू होता वाऱ्याचा अडथळा कमी करण्याचा, पण पडल्यावर अंगाशी घट्ट बसलेले चामडे जागेवरून सरकत नाही, हा लाभ आपोआप मिळाला. १९७२ साली इटलीत लीनो डाइनेझे यांनी कंपनी काढली, आणि त्या दशकाच्या शेवटी तिथूनच पाठीच्या कण्याचे संरक्षक कवच आले. आजही मोटोजीपीत चामडी सूटच दिसतात. २०१८ पासून त्यांत एअरबॅगही सक्तीची आहे.

कापडाची दुसरी फेरी रसायनशाळेतून सुरू झाली. १९६५ मध्ये ड्यूपाँत कंपनीत स्टेफनी क्वोलेक या महिला रसायनतज्ज्ञाच्या संशोधनातून केव्हलारचा धागा निघाला. १९६९ मध्ये बॉब गोर यांना पाणी अडवणारा पण घामाची वाफ बाहेर सोडणारा पापुद्रा सापडला. ताकदवान नायलॉनचे कॉर्ड्यूरा कापड होतेच. हे धागे जुळवून १९८३ मध्ये अमेरिकेतल्या डुलुथ गावी अँडी गोल्डफाइन यांनी 'एरोस्टिच' कंपनीतून एक सूट विकायला काढला. तो शर्यतीसाठी नव्हता. रोज कामावर जाणाऱ्याने कपड्यांवर चढवावा, कचेरीत पोचल्यावर उतरवून खुंटीला टांगावा, ही त्यामागची कल्पना. मोटरसायकलच्या पोशाखाच्या इतिहासातला हा कदाचित सर्वांत दुर्लक्षित टप्पा आहे, कारण यात प्रथमच रोजच्या नोकरदाराचा विचार झाला.

आता थोडे पदार्थविज्ञान. डांबरावर घसरणाऱ्या अंगाखाली घर्षणाने उष्णता वाढते. नायलॉन आणि पॉलिएस्टर साधारण २२० ते २६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळतात. चामडे वितळत नाही, करपते. केव्हलारही वितळत नाही. त्यामुळे साधे पॉलिएस्टरचे जॅकेट लांब घसरणीत फाटते, शिवाय वितळून कातडीला चिकटूही शकते. सव्वा-दीड मिलिमीटर जाडीचे गाईबैलाचे चामडे त्या घासणीत बराच अधिक काळ तग धरते. या एका कसोटीवर चामडे आजही पुढे आहे, आणि ते अमान्य करण्यात अर्थ नाही.

पण कसोटी एकच नसते. युरोपात २०२० पासून रूढ झालेल्या मानकात कपड्यांचे एएए, एए आणि ए असे वर्ग आहेत. अंगाचे जे भाग आधी आपटतात, तिथले कापड साधारण ताशी १२०, ७० आणि ४५ किलोमीटर वेगाच्या घसरणीइतकी घासण सोसते का, हे यंत्रावर पाहिले जाते. कपडा चामड्याचा की कापडाचा, याच्याशी मानकाला कर्तव्य नाही. चांगल्या विणीचे कापड वरचा वर्ग मिळवते आणि हलक्या प्रतीचे चामडे नापास होते.

२०११ मध्ये ऑस्ट्रेलियात लिझ डी रोम आणि सहकाऱ्यांनी अपघातात सापडलेल्या २१२ मोटरसायकलस्वारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. संरक्षक कपडे घातलेल्यांना रुग्णालयात भरती होण्याची वेळ कमी आली. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट उघड झाली: मोटरसायकलसाठी म्हणून विकलेल्या जॅकेटांपैकी सुमारे ३० टक्के अपघातात फाटली वा निकामी झाली. जॅकेट निवडताना म्हणूनच पदार्थाइतकेच शिवणीकडे पाहावे लागते. चामडे शाबूत राहिले पण टाका उसवला, तर आतले अंग उघडेच पडणार.

आपल्याकडे चामड्याच्या इतिहासाला एक बाजू अशी आहे जी जॅकेटांच्या जाहिरातींत कधी येत नाही. कातडे सोलणे, कमावणे आणि शिवणे ही कामे जातीने बांधून दिलेली होती. देशावरची मोट, पखाल, खोगीर, वहाण यांवाचून शेती आणि लष्कर दोन्ही अडत. तरी हे पदार्थ घडवणाऱ्या ढोर आणि चर्मकार समाजाला गावकुसाच्या आत मान नव्हता. धारावीत पहिले चर्मालय १८८७ च्या सुमारास आले. तमिळ मुस्लिम चर्मकारागिरांनी तिथला धंदा वाढवला. १९७४ मध्ये राज्याने चर्मोद्योगासाठी महामंडळ स्थापले, ते आज संत रोहिदासांचे नाव धारण करते. जे चामडे घडवणाऱ्याच्या अंगावर कलंक मानले गेले, तेच विकत घेणाऱ्याच्या अंगावर प्रतिष्ठा ठरते. हा विरोधाभास इतिहासाच्या विद्यार्थ्याने नजरेआड करू नये.

२०१५ च्या मार्चमध्ये महाराष्ट्र प्राणिरक्षण (सुधारणा) कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल व वळूंच्या हत्येवरही बंदी आली. राज्यातील चर्मोद्योगाला म्हशीच्या कातड्यावर आणि बाहेरून येणाऱ्या मालावर अधिक विसंबावे लागले. जॅकेटाच्या किमतीमागे असा कायद्याचाही इतिहास असतो.

कापडाची कहाणी मात्र बोईसरच्या दारातच आहे. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पुढे तारापूर औद्योगिक क्षेत्रात रसायने आणि पोलाद यांच्याबरोबर कापडाचे मोठे कारखाने उभे राहिले. सियाराम आणि डी'डेकॉर ही नावे घराघरांत आहेत. अर्थात इथला लौकिक सुटाच्या आणि पडद्याच्या कापडाचा. रायडिंग जॅकेटाच्या कापडाचा नव्हे. पण ज्या कृत्रिम धाग्याने मुंबईच्या सुती गिरण्यांचे युग मागे टाकले, तोच धागा जॅकेटातही आहे.

आणि दोन्ही पदार्थांचे पाणी गढूळच आहे. कानपूरच्या चर्मालयांचे सांडपाणी गंगेत जाते म्हणून १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक शुद्धीकरण न करणारी चर्मालये बंद करण्याचा आदेश दिला. तारापूरच्या औद्योगिक सांडपाण्याविरुद्ध मांगेला समाजाच्या परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाचे दार ठोठावले. खाडीतली मासळी गेली तर ज्यांची चूल विझते, त्यांनीच ही तक्रार नेली होती. तेव्हा 'कापड घ्या, ते निसर्गाला सोसवते' असे सरसकट म्हणण्याआधी नवापूरच्या किनाऱ्याकडे एकदा पाहावे.

आता रस्ता. तलासरी ते विरार हा मुंबई-अहमदाबाद महामार्गाचा पट्टा याच जिल्ह्यातून जातो. सप्टेंबर २०२२ मध्ये चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मोटारीत मृत्यू झाला आणि देशभर मागच्या आसनावरच्या पट्ट्याची चर्चा झाली. त्याच वर्षी भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. त्यांच्या अंगावर काय होते, याची चर्चा फारशी झाली नाही. मोटार वाहन कायद्याचे १२९ वे कलम शिरस्त्राण सांगते. मानेखालच्या देहाबद्दल ते मौन पाळते.

मग चिल्हार फाट्यावरून रोज बोईसरच्या कारखान्यात जाणाऱ्याने काय घ्यावे? इथे जून ते सप्टेंबर धो धो पाऊस, उरलेले वर्ष दमट उष्मा. भिजलेले चामडे जड होते, वाळायला दिवस घेते, आणि श्रावणात कपाटात ठेवले तर त्यावर बुरशी धरते. मेमध्ये दुपारी ते अंगावर राहत नाही. सिग्नलला उतरवले जाते आणि मग डिकीतच राहते. डिकीतल्या एएए वर्गाच्या चामड्यापेक्षा अंगावरचे ए वर्गाचे जाळीदार कापड केव्हाही मोलाचे. अझ्टेकांची कापसाची बंडी चढवणाऱ्या स्पॅनिश शिपायाने हाच हिशोब केला होता.

म्हणून इथल्या रोजच्या वापरासाठी कापडच योग्य ठरते: छाती-पाठीला हवा खेळणारी जाळी, खांदे-कोपरांवर दाट विणीचे कापड आणि आत प्रमाणित संरक्षक पॅड, शिवण दुहेरी-तिहेरी, पावसाचे आवरण वेगळे. शर्यतीच्या मैदानावर किंवा हिवाळ्यातल्या लांब, वेगवान सफरीवर चामड्याचा अधिकार अबाधित आहे.

कापडाच्या या राज्यात एक जागा मात्र चामड्याने सोडलेली नाही. पडताना माणूस सहजप्रवृत्तीने हात पुढे टेकतो, आणि रस्त्याला प्रथम भिडतो तो तळवा. चांगल्या हातमोज्यांची पाठ कसल्याही धाग्याने विणलेली असो, तळव्याला बहुधा आजही बकरीचे किंवा गाईबैलाचे चामडेच शिवलेले असते.