खडकांचे विद्युत्संकेत आणि कोयनेचा भूकंप

कोयनेची जमीन हादरली की निपाणी-बेळगावकडेही पुढच्या धक्क्याची चर्चा सुरू होते. खडक तुटताना विद्युतचुंबकीय लहरी निघतात, म्हणून भूकंप आधी ओळखता येईल, असे त्यात अनेकदा सांगितले जाते.

यातील पहिला भाग खरा आहे. प्रयोगशाळेत ग्रॅनाइटचा तुकडा दाबयंत्रात चिरडला असता, तो फुटण्यापूर्वीच सूक्ष्म भेगांतून क्षीण विद्युतचुंबकीय स्पंदने नोंदली जातात. भेगेच्या दोन्ही कडांवर विरुद्ध विद्युतभार साचतात. शिवाय ग्रॅनाइटमधील क्वार्ट्झ दाबाखाली विद्युतभार निर्माण करते. गॅसच्या लायटरची ठिणगी याच गुणधर्माची. आपल्याकडील काळ्या बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ जवळपास नसते. पण कोयनेत बेसाल्टचा थर किलोमीटरभराचाच आहे. तेथील भूकंप त्याखालच्या ग्रॅनाइटसदृश पुरातन खडकांत होतात. गोठणे येथे 2017 मध्ये 3 किलोमीटर खोल वेधन झाले, ते याच खडकांच्या अभ्यासासाठी.

अडचण आहे ती संकेत वर येण्याची. सेकंदाला दहा लाख कंपने असलेली लहर सामान्य खडकात काही दशक मीटरांतच विरते. शंभर सेकंदांत एक कंपन एवढी संथ लहर मात्र अनेक किलोमीटर पार करते. त्यामुळे शोध या संथ लहरींचाच घेतला जातो. परंतु सौरवादळे, वीजवाहिन्या आणि विजेवर धावणाऱ्या रेल्वेगाड्या त्याच पट्ट्यात गोंगाट करतात.

17 ऑक्टोबर 1989 रोजी कॅलिफोर्नियात लोमा प्रिएटा भूकंप झाला. केंद्रापासून 7 किलोमीटरवरील चुंबकीय उपकरणाने त्याआधी अशीच वाढ टिपली होती. हे उदाहरण वीस वर्षे पुराव्यादाखल दिले गेले. 2009 मध्ये नोंदींची फेरतपासणी झाली, तेव्हा ती वाढ उपकरणातील बिघाडामुळे असण्याचीच शक्यता अधिक दिसली. तेव्हापासून या क्षेत्रात एकाच उपकरणाच्या नोंदीला फारशी किंमत उरलेली नाही, आणि ते योग्यच झाले. वेळ, स्थळ व तीव्रता सांगणारी खात्रीची पूर्वसूचना आजवर या मार्गाने मिळालेली नाही.

धोका मात्र काल्पनिक नाही. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेत 6.3 तीव्रतेचा भूकंप होऊन सुमारे 180 जण दगावले. निपाणी तेथून हवाई अंतराने सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. 2016 च्या भारतीय मानकात बेळगाव व गोवा दोन्ही तिसऱ्या भूकंपप्रवण विभागात येतात. मातीत रचलेल्या दगडी भिंती अशा हादऱ्यात प्रथम ढासळतात. जोते, चौकटीवरची पातळी आणि छताखाली सलग काँक्रीटचे पट्टे व कोपऱ्यांत उभ्या सळया घातल्यास भिंती एकमेकींना धरून राहतात.