दोष पोर्टचा नव्हे, पेटीच्या मापाचा

घरी सबवूफर बांधायचा ठरवला की जाणकारांकडून एकच सल्ला मिळतो: संगीत ऐकायचे असेल तर बंद पेटी बांधा, पोर्टवाली, म्हणजे हवेला नळीतून वाट दिलेली पेटी सिनेमातल्या स्फोटांसाठी. कारणही ठरलेले असते. पोर्टेड बास मंद असतो, तो घुमतो, सूर कुठलाही असो, पेटी आपली एकाच पट्टीत धुम धुम करत राहते. हे मत इतके रुजले आहे की मोजून पाहण्याची कुणाला गरज वाटत नाही. मला ते साफ चुकीचे वाटते. या मतापायी लोक उत्तम ड्रायव्हरवर पैसे खर्च करतात आणि त्याला पन्नास लिटरच्या पेटीत कोंडतात, म्हणून त्याचे खंडन आकड्यांनिशीच व्हायला हवे.

पूर्वपक्षाला इतिहास आहे, तो मान्य करू. पोर्टेड पेटीचे पेटंट बेल लॅबोरेटरीजच्या अल्बर्ट थुरास यांना 1932 मध्ये मिळाले. पण पेटी किती लिटरची, नळी किती लांब, हे ड्रायव्हरच्या गुणधर्मांवरून ठरवण्याची सोपी रीत पुढची तीन दशके नव्हती. बहुतेक पेट्या अंदाजपंचे बांधल्या जात आणि घुमत. 1954 मध्ये एडगर विलचर यांनी एआर-1 हा बंद पेटीचा स्पीकर आणला. लहान पेटीतून असा स्वच्छ खालचा बास निघू शकतो हे ऐकून लोक थक्क झाले, ते योग्यच होते. पोर्टची बदनामी त्या काळातली. नंतर ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी 1970च्या दशकाच्या सुरुवातीला सगळे गणित मांडून दिले. गणित आले, तरी बदनामी तशीच राहिली.

आता मुख्य आरोप: पोर्टमुळे बास उशिरा येतो. उशीर होतो हे खरे, पण तो ट्युनिंगच्या, म्हणजे पेटी आणि नळी ज्या सुराला मिळून वाजतात त्या सुराच्या, आसपास साठलेला असतो आणि तिथून वर जावे तसा झपाट्याने कमी होतो. बास गिटारची सर्वांत खालची उघडी तार 41 हर्ट्झची. पोर्टेड पेटी 40 हर्ट्झला ट्यून केली, तर बटरवर्थ या सपाट पट्ट्याच्या आखणीत त्या सुराला सुमारे 14 मिलिसेकंद उशीर होतो. आरोप करणाऱ्यांनी ऐकलेली पेटी बहुधा हीच. तीच आखणी 17 हर्ट्झला केली की त्याच सुराला 5 मिलिसेकंदही लागत नाहीत. आणि 40 हर्ट्झला उतरू लागणारी नेहमीची बंद पेटी? तिला साडेपाच. ज्या कसोटीवर पोर्टला नापास केले, त्याच कसोटीवर खोल ट्यून केलेली पेटी बंद पेटीच्या किंचित पुढेच आहे. उरलेला उशीर 17 हर्ट्झपाशी साठतो, आणि तिथे संगीत जवळजवळ नसते. पियानोची शेवटची पट्टी 27.5 हर्ट्झची. त्याखाली जातो तो ऑर्गनचा 32 फुटी पाइप, सोळाच्या थोडा वर.

‘जड कोन (ड्रायव्हरचा हलणारा पडदा) म्हणजे मंद बास’ हा याच घराण्यातला दुसरा समज. सबवूफरला आपण साधारण 80 हर्ट्झवर छाटतो. थापेची धार त्याच्या कितीतरी वर असते आणि ती मुख्य स्पीकरमधून येते. कोन जड झाला तर त्याच ताकदीत आवाज कमी निघतो, वेग कमी होत नाही.

मग घुमते काय? बहुतेक वेळा खोली. 16 बाय 12 फुटांच्या खोलीत भिंतींमधले पहिले अनुनाद 35 आणि 47 हर्ट्झच्या आसपास बसतात. पेटी 40ला ट्यून केलेली, तिचा फुगवटा नेमका त्या जागी, वर सिमेंटच्या भिंती. एकाच सुराचा बास ऐकू येणारच. सतराला ट्यून केलेल्या पेटीचा पट्टा या भागात सपाट असतो. खोलीचे अनुनाद मग इक्वलायझरने आणि पेटीची जागा बदलून आवरता येतात. बंद पेटीलाही त्यातून सुटका नाही.

इतक्या खाली ट्यून करायचे तर पेटी मोठी हवी, आणि ‘मोठी’ हा शब्द मी हौसेने वापरत नाही. 300 लिटर मोकळी हवा, 20 सेंटिमीटर व्यासाचा पोर्ट आणि 17 हर्ट्झचे ट्युनिंग धरले तर नळी सुमारे 93 सेंटिमीटर लागते. तेच ट्युनिंग, तोच व्यास, पण 100 लिटरची पेटी घेतली तर नळी तीन मीटरच्या पुढे जाते. ती पेटीत मावत नाहीच, शिवाय तिचा स्वतःचा सूर 53 हर्ट्झपाशी, म्हणजे ऐन बासमध्ये वाजतो. मग लोक व्यास दहा सेंटिमीटरवर आणतात. नळी मावते, पण एक मीटरवर 105 डेसिबल, 20 हर्ट्झ हवे असेल आणि सारे काम पोर्टवरच पडले, तर त्या नळीत हवेचा वेग सेकंदाला 27 मीटरच्या आसपास जातो. सेकंदाला सतरा मीटरच्या पुढे फसफस ऐकू येऊ लागते, असा साधारण नियम आहे. वीस सेंटिमीटरच्या नळीत हाच वेग सात मीटरच्या आत राहतो. पोर्टच्या नावावर खपवलेले दोष असे लहान पेटीचे आहेत.

पोर्ट काय करतो ते डोळ्यांनी पाहता येते. सतराला ट्यून केलेल्या पेटीला सिग्नल जनरेटर लावा, आवाज बेताचा ठेवा आणि 40 हर्ट्झपासून हळूहळू खाली या. तिशीत कोनची हालचाल वाढते, पंचविशीनंतर ती आवरू लागते आणि सतराला कोन जवळजवळ थांबतो. पण खोलीतला दाब तसाच असतो आणि नळीच्या तोंडाशी धरलेल्या हाताला वाऱ्याचा झोत लागतो. बंद पेटीत हीच वेळ ड्रायव्हरच्या कसोटीची. 105 डेसिबल, 20 हर्ट्झसाठी अठरा इंची कोनला दोन्ही बाजूंना चौदा मिलिमीटर धावावे लागते. कोन जितका धावतो तितकी विकृती वाढते. बासची स्वच्छता हवी असणाऱ्यांनी पोर्टला नाके मुरडणे म्हणूनच मला समजत नाही.

बंद पेटीवाल्यांचा एक मुद्दा खरा आहे: लहान, घट्ट बंद खोली खालचा बास उचलून धरते, आणि बंद पेटीचा उतार सौम्य असल्याने तो नीट जुळतो. पण ही मदत कोनची धाव वाचवते ती दोन्ही पेट्यांची सारखीच. आणि आपल्याकडचा हॉल स्वयंपाकघराला आणि बाल्कनीला उघडा असतो. तिथे त्या मदतीवर भिस्त ठेवता येत नाही.

किंमत मात्र मोजावी लागते. ट्युनिंगच्या खाली कोनला आधार उरत नाही, तेव्हा अ‍ॅम्पच्या आधी सबसॉनिक फिल्टर हवाच. 18 मिलिमीटर प्लायची ही 300 लिटरची पेटी बाहेरून 60 बाय 75 बाय 90 सेंटिमीटर भरते, नळीला एक एल्बो द्यावा लागतो, आणि आतून आडवे-उभे आधार दिले नाहीत तर पेटीच वाजते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळेल तो मोठा ड्रायव्हर चालत नाही. मंडपात वाजणाऱ्या स्पीकरचा नैसर्गिक अनुनाद बहुधा पस्तीस-चाळीसला असतो, त्याला सतराला नेता येत नाही.

म्हणून सुताराला बोलावण्याआधी ड्रायव्हरचे थील-स्मॉल आकडे मोजून घ्या आणि घरात चारशे लिटरची जागा निघते का ते पाहा. निघत नसेल तर खुशाल बंद पेटी बांधा. निघत असेल, तर केवळ ‘संगीतासाठी’ म्हणून पोर्ट बुजवू नका.