शरभ

भारतीय वाङ्‌मय व शिल्पकला यांतील एक कल्पित, संमिश्र पशू. प्रारंभी मात्र तो कल्पित नसावा. ऐतरेय ब्राह्मणात यज्ञीय सत्त्व निघून गेलेल्या पशूंत गवय, उष्ट्र यांच्याबरोबर शरभाची गणना आहे. पाली जातककथांत तो बलाढ्य मृगाच्या रूपात येतो. हा तृणभक्षक पुढे सिंहाचा भक्षक कसा झाला, हा त्याच्या इतिहासातील खरा कुतूहलाचा भाग होय.

महाभारताच्या शांतिपर्वात शरभ आठ पायांचा, ऊर्ध्वनेत्र, वनचर व सिंहालाही मारणारा आहे. तेथील कथेत एका ऋषीच्या आश्रयास असलेला कुत्रा भीतीपोटी क्रमाने चित्ता, वाघ, हत्ती, सिंह आणि शेवटी शरभ होतो. त्याच्या धाकाने अरण्य ओस पडते. मांसाला चटावलेला तो ऋषीवरच उलटू पाहतो आणि पुन्हा कुत्रा होतो. कालिदासाच्या मेघदूतातील शरभ हिमालयात राहतात आणि मेघावर झेप घेऊ पाहतात. सावज जितके मोठे, तितका शरभ मोठा, असाच हा क्रम दिसतो. शैव पुराणांनी तो टोकास नेला : हिरण्यकशिपूच्या वधानंतरही शांत न होणाऱ्या नरसिंहाला शिवाने शरभरूपाने आवरले. दारासुरम् (तमिळनाडू) येथील ऐरावतेश्वर मंदिरात (बारावे शतक) अशी मूर्ती आहे. वैष्णवांनी उत्तरादाखल नरसिंहालाच द्विमुखी पक्ष्याचे, गंडभेरुंडाचे, रूप दिले.

महाराष्ट्रात शरभ प्रामुख्याने किल्ल्यांच्या दरवाज्यांवर आढळतो. पुणे जिल्ह्यातील शिवनेरीवर अशी शिल्पे आहेत. जंजिऱ्याच्या महाद्वारावरील पशूने पंजांत व शेपटीत हत्ती पकडले असून ते मांजराच्या तावडीतील उंदरांएवढे दिसतात. किल्ल्यांवरील या पशूला आठ पाय नसतात. कधी पंख असतात, कधी तेही नसतात. त्यामुळे ‘शरभ’ हे नाव येथे ग्रंथांतील वर्णनावरून नव्हे, तर अभ्यासकांच्या रूढीने आले आहे. हत्तींच्या संख्येवरून जिंकलेल्या राज्यांची मोजदाद करण्याची हौस पुष्कळांना असते. तीस शिलालेखाचा आधार नसेल, तर ती कल्पनाच समजावी. सामर्थ्याचे सूचन एवढाच अर्थ निर्धास्तपणे सांगता येतो.

हे चिन्ह कोणा एका धर्माचे राहिले नाही. अमरावती जिल्ह्यातील गाविलगडाच्या दिल्ली दरवाज्यावर हत्ती धरलेला गंडभेरुंड व हत्तीवर आरूढ सिंह कोरलेले आहेत. हा किल्ला वऱ्हाडच्या इमादशाहीकडे होता. तिचा संस्थापक फतहुल्ला इमादुल्मुल्क हा मूळचा विजयानगर राज्यातील कानडी हिंदू असल्याचे फरिश्ता सांगतो. विजयानगरच्या अच्युतरायाच्या नाण्यांवरही हत्ती पकडणारा गंडभेरुंड आहे.