'तंदानू' : दोन्ही संस्थापकांविना 'इंडियन ओशन'

दिल्लीच्या 'इंडियन ओशन' या बँडचा 'तंदानू' हा अल्बम २०१४ साली प्रकाशित झाला. बँडच्या दोन संस्थापकांपैकी एकाचाही सहभाग नसलेला हा पहिला अल्बम होय.

पार्श्वभूमी

सुस्मित सेन (गिटार) आणि असीम चक्रवर्ती (तबला व गायन) यांनी १९९० साली या बँडची स्थापना केली. पुढे राहुल राम (बास गिटार) आणि अमित किलाम (ड्रम) त्यांना येऊन मिळाले. दीर्घ रचना, बदलते ताल आणि लोकसंगीताचा आधार ही प्रोग्रेसिव्ह रॉकच्या जवळ जाणारी शैली त्यांनी घडविली. 'कंदिसा' (२०००) या अल्बमने तिला देशभर ओळख मिळवून दिली. सेन यांची रागसंगीताच्या वळणाने जाणारी गिटार आणि तबला वाजवता वाजवता गाणारे चक्रवर्ती हे या शैलीचे दोन आधारस्तंभ होते.

डिसेंबर २००९ मध्ये चक्रवर्ती यांचे निधन झाले. त्यांचा आवाज असलेला '१६/३३० खजूर रोड' हा अल्बम २०१० साली रसिकांसाठी विनामूल्य उपलब्ध करून देण्यात आला. त्यांच्या दोन जबाबदाऱ्या हिमांशू जोशी (गायन) आणि तुहीन चक्रवर्ती (तबला) या दोघांनी स्वीकारल्या. २०१३ मध्ये सेन हेही बाहेर पडले आणि निखिल राव यांनी गिटार हाती घेतली.

अल्बमचे स्वरूप

सेन यांच्या वादनाची नक्कल करणे बँडने टाळले. त्याऐवजी 'तंदानू'तील सातही गीतांसाठी पाहुण्या कलावंतांना पाचारण करण्यात आले. शुभा मुद्गल, पं. विश्वमोहन भट्ट, शंकर महादेवन, विशाल ददलानी, व्ही. सेल्वगणेश, व्हायोलिनवादक कुमारेश आणि अमेरिकेत वाढलेले मराठी कुटुंबातील तालवादक कर्ष काळे हे ते सात कलावंत. शीर्षकगीत कन्नड असून ते महादेवन यांच्यासमवेत सादर झाले आहे.

लोकगीतांशी असलेले नाते मात्र तुटले नाही. राहुल राम हे १९९०च्या दशकात नर्मदा बचाओ आंदोलनाचे कार्यकर्ते होते. 'कंदिसा'मधील 'मा रेवा' हे गीत त्याच खोऱ्यातून आले होते. 'तंदानू'मधील 'चीतू' हे गीतही नर्मदेकाठच्या आदिवासींच्या लढ्याचे स्मरण करून देते.

महत्त्व

प्रमुख कलावंत गेल्यावर बँडचे नाव तेवढे उरते की संगीतही, हा प्रश्न रॉकविश्वाला नवा नाही. १९७५ मध्ये गायक पीटर गॅब्रिएल यांनी 'जेनेसिस' हा ब्रिटिश बँड सोडला, तेव्हा ड्रमवादक फिल कॉलिन्स यांनी गायनाची धुरा सांभाळली आणि पुढच्याच वर्षी नवा अल्बम आला. तेथे उत्तर घरातच सापडले. 'इंडियन ओशन'ने त्यासाठी घराची दारे उघडली. सेन यांच्या गिटारची उणीव जुन्या श्रोत्यांना जाणवेल. परंतु पाहुण्यांच्या सोबतीने बँडला नव्या रचनेत स्थिर होता आले. २०२३ मध्ये आलेला 'तू है' हा अल्बम त्याचीच साक्ष देतो.