१. एफ.सी. हायडेनहाइम १८४६

१. एफ.सी. हायडेनहाइम १८४६ हा जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यातील हायडेनहाइम आन डेर ब्रेंट्स या शहरातील फुटबॉल क्लब आहे. सुमारे ५० हजार लोकवस्तीच्या या औद्योगिक शहरातील संघ २००७ साली जर्मन फुटबॉलच्या चौथ्या श्रेणीत खेळत होता. २०२३ मध्ये तो बुंडेसलीगा या सर्वोच्च श्रेणीत पोहोचला आणि २०२४ मध्ये युरोपीय स्पर्धेसाठी पात्र ठरला. या संपूर्ण काळात फ्रांक श्मिट हेच संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली चौथ्या श्रेणीपासून पहिल्या श्रेणीपर्यंत झालेल्या या वाटचालीमुळे हा क्लब जर्मन फुटबॉलच्या इतिहासात विशेष उल्लेखनीय मानला जातो.

नाव व शहर

क्लबच्या नावातील '१.' या अंकाचा जर्मन उच्चार 'एर्स्टर' असा असून त्याचा अर्थ 'पहिला' असा होतो. 'एफ.सी.' म्हणजे फुटबॉल क्लब. १८४६ हे वर्ष मात्र फुटबॉलशी संबंधित नाही. त्या वर्षी हायडेनहाइममध्ये व्यायाम व कसरतींसाठी एक संस्था स्थापन झाली. फुटबॉल या प्रदेशात पुढे बऱ्याच काळाने आला. तथापि क्लबने आपली परंपरा त्या व्यायामसंस्थेपासून मोजली आहे. लाल, निळा आणि पांढरा हे क्लबचे रंग आहेत.

हायडेनहाइम हे श्वेबिश आल्ब या डोंगराळ पठाराच्या पूर्व भागात, ब्रेंट्स नदीच्या काठी वसलेले आहे. शहराच्या डोक्यावर हेलेनश्टाइन हा जुना किल्ला आहे. कागदनिर्मितीची यंत्रे व जलविद्युत टर्बाइन बनवणारी फॉइट आणि वैद्यकीय साहित्य बनवणारी हार्टमान या दोन जुन्या कंपन्यांची मुख्यालये याच शहरात आहेत. क्लबच्या उभारणीत या स्थानिक उद्योगांच्या प्रायोजकत्वाचा मोठा वाटा आहे.

जर्मन फुटबॉलमधील श्रेणीव्यवस्था

या क्लबच्या वाटचालीचे महत्त्व समजण्यासाठी जर्मनीतील स्पर्धांची रचना लक्षात घेणे आवश्यक आहे. तेथील सर्व साखळी स्पर्धा एकाखाली एक अशा श्रेणींत बांधलेल्या आहेत. बुंडेसलीगा ही सर्वांत वरची श्रेणी असून तिच्याखाली दुसरी बुंडेसलीगा, तिसरी लीगा, रेगिओनाललीगा, ओबरलीगा अशा पायऱ्या येतात. हंगामाच्या शेवटी वरच्या क्रमांकावरील संघांना बढती मिळते, तर तळाच्या संघांची पदावनती होते. बुंडेसलीगात १८ संघ असतात. शेवटचे दोन थेट खाली जातात आणि १६व्या क्रमांकाच्या संघाला दुसऱ्या बुंडेसलीगातील तिसऱ्या क्रमांकाच्या संघाशी दोन सामन्यांची निर्णायक लढत द्यावी लागते. त्यामुळे गावपातळीवरील संघालाही तत्त्वतः सर्वोच्च श्रेणीचा मार्ग खुला असतो. प्रत्यक्षात मात्र प्रत्येक पायरीवर खर्च वाढत जातो आणि लहान शहरांतील संघ मधल्याच एखाद्या पायरीवर अडून राहतात.

इतिहास

आरंभीचा काळ

हायडेनहाइममध्ये संघटित फुटबॉलची सुरुवात १९११ साली झाली. १९७२ मध्ये स्थानिक संस्थांच्या विलीनीकरणातून 'हायडेनहाइमर श्पोर्टबुंड' ही अनेक खेळांचे विभाग असलेली संस्था अस्तित्वात आली आणि फुटबॉल हा तिचा एक विभाग बनला. पुढील अनेक वर्षे हा संघ हौशी पातळीवरच खेळत राहिला.

१९९० च्या दशकाच्या मध्यावर होल्गर सानवाल्ड या हायडेनहाइममध्येच जन्मलेल्या तरुणाने फुटबॉल विभागाची सूत्रे हाती घेतली. त्या वेळी संघ लांडेसलीगा या हौशी श्रेणीत होता. सानवाल्ड यांनी घाई न करता एकेक प्रायोजक जोडत विभागाची आर्थिक घडी बसवली. २००४ मध्ये संघाने ओबरलीगात प्रवेश मिळवला. १ जानेवारी २००७ रोजी फुटबॉल विभाग मूळ संस्थेपासून वेगळा झाला आणि १. एफ.सी. हायडेनहाइम १८४६ हा स्वतंत्र क्लब जन्माला आला. सानवाल्ड पुढे क्लबच्या कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष झाले.

फ्रांक श्मिट यांची नियुक्ती

फ्रांक श्मिट यांचा जन्म ३ जानेवारी १९७४ रोजी हायडेनहाइम येथे झाला. बचावपटू म्हणून ते आलेमानिया आखेन आणि वाल्डहोफ मानहाइम या संघांकडून दुसऱ्या श्रेणीत खेळले. २००३ मध्ये ते आपल्या गावच्या संघात परतले आणि २००७ च्या उन्हाळ्यात त्यांनी खेळाडू म्हणून निवृत्ती घेतली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये प्रशिक्षकाची जागा अचानक रिकामी झाली, तेव्हा सानवाल्ड यांनी श्मिट यांना दोन सामन्यांपुरती जबाबदारी घेण्याची विनंती केली. ती तात्पुरती नेमणूक पुढे कायम झाली. २०२३ मध्ये, फ्रायबुर्गचे फोल्कर फिंके यांचा सलग १६ वर्षांचा विक्रम मागे टाकून, श्मिट हे जर्मन व्यावसायिक फुटबॉलमध्ये एकाच क्लबचे सर्वाधिक काळ सलग प्रशिक्षक राहिलेले गृहस्थ ठरले.

चौथ्या श्रेणीतून दुसऱ्या श्रेणीकडे (२००८–२०१४)

२००८ मध्ये जर्मन स्पर्धांची फेररचना होऊन तिसरी लीगा सुरू झाली. त्यामुळे रेगिओनाललीगा चौथ्या आणि ओबरलीगा पाचव्या श्रेणीत गेली. हायडेनहाइमने रेगिओनाललीगासाठीची पात्रता वेळेवर मिळवली आणि २००९ मध्ये तिच्या दक्षिण विभागाचे विजेतेपद जिंकून तिसऱ्या लीगात पाऊल ठेवले. २००८ मध्ये संघात आलेला मार्क श्नाटरर हा पुढील १३ वर्षे क्लबचा आधारस्तंभ व कर्णधार राहिला.

तिसऱ्या लीगात संघाला पाच हंगाम काढावे लागले. २०१२ मध्ये चौथा आणि २०१३ मध्ये पाचवा क्रमांक मिळाल्याने बढती हुकली. याच काळात, जुलै २०११ मध्ये, जर्मन चषकाच्या पहिल्या फेरीत हायडेनहाइमने बुंडेसलीगातील वेर्डर ब्रेमेनचा २–१ असा पराभव केला. २०१३–१४ च्या हंगामात संघाने तिसऱ्या लीगाचे विजेतेपद पटकावले. त्या वर्षी दुसऱ्या क्रमांकावर आर.बी. लाइपझिग आणि तिसऱ्या क्रमांकावर डार्मश्टाट हे संघ होते.

दुसरी बुंडेसलीगा (२०१४–२०२३)

दुसऱ्या श्रेणीत हायडेनहाइमने नऊ हंगाम घालवले. ३ एप्रिल २०१९ रोजी जर्मन चषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत संघाने म्युनिकमध्ये बायर्न म्युनिकला ४–४ अशा बरोबरीपर्यंत रोखले. अखेर बायर्नने पेनल्टीवरील गोलाच्या बळावर ५–४ असा विजय मिळवला. हायडेनहाइमच्या रॉबर्ट ग्लाट्झेलने या सामन्यात तीन गोल केले.

२०१९–२० मध्ये संघ तिसऱ्या क्रमांकावर राहिला आणि वेर्डर ब्रेमेनविरुद्धच्या निर्णायक लढतीस पात्र ठरला. कोरोना साथीमुळे हे सामने प्रेक्षकांविना खेळवण्यात आले. ब्रेमेनमध्ये ०–० आणि हायडेनहाइममध्ये २–२ असा निकाल लागला. दोन्ही सामने बरोबरीत सुटूनही प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर अधिक गोल केल्याच्या नियमानुसार ब्रेमेन बुंडेसलीगात टिकले आणि हायडेनहाइमची संधी हुकली.

या अपयशानंतरही क्लबने प्रशिक्षक बदलला नाही. तीन वर्षांनी, २८ मे २०२३ रोजी, हंगामाच्या अखेरच्या दिवशी हायडेनहाइमचा सामना रेगेन्सबुर्ग येथे यान रेगेन्सबुर्गशी होता. थेट बढतीच्या दोन जागांपैकी दुसऱ्या जागेसाठी हायडेनहाइम आणि हांबुर्ग यांच्यात चुरस होती. उत्तरार्धात हायडेनहाइम ०–२ असे पिछाडीवर पडले. लेनार्ड मॅलोनीने एक गोल फेडला, परंतु ९० मिनिटे संपली तेव्हाही संघ मागेच होता. तिकडे हांबुर्गने झांडहाउझेन येथील आपला सामना जिंकला होता आणि बढती निश्चित झाली असे समजून त्यांचे समर्थक मैदानात उतरून जल्लोष करू लागले होते. रेगेन्सबुर्गमध्ये मात्र भरपाई वेळेचा खेळ अद्याप सुरू होता. भरपाई वेळेच्या तिसऱ्या मिनिटाला यान-निक्लास बेस्टेने पेनल्टीवर बरोबरी साधली आणि नवव्या मिनिटाला टिम क्लाइनडीन्स्टने विजयी गोल केला. हायडेनहाइमने ३–२ असा विजय मिळवून ६७ गुणांसह विजेतेपदही पटकावले. डार्मश्टाटचेही ६७ गुण होते, परंतु गोलफरकाने ते दुसरे राहिले. ६६ गुणांच्या हांबुर्गला तिसऱ्या स्थानावर समाधान मानावे लागले. २५ गोलांसह क्लाइनडीन्स्ट त्या हंगामात स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला.

बुंडेसलीगा व युरोपीय स्पर्धा (२०२३ नंतर)

बुंडेसलीगातील पहिला सामना हायडेनहाइमने वोल्फ्सबुर्ग येथे ०–२ असा गमावला. १ सप्टेंबर २०२३ रोजी डॉर्टमुंडमध्ये दोन गोलांच्या पिछाडीवरून २–२ अशी बरोबरी साधत संघाने पहिला गुण मिळवला. १७ सप्टेंबर रोजी घरच्या मैदानावर वेर्डर ब्रेमेनला ४–२ असे हरवून पहिला विजय नोंदवला. ६ एप्रिल २०२४ रोजी बायर्न म्युनिकविरुद्ध मध्यंतरास ०–२ असे मागे असताना उत्तरार्धात तीन गोल करून मिळवलेला ३–२ हा विजय या हंगामाचा कळस मानला जातो. केव्हिन सेसाने एक आणि क्लाइनडीन्स्टने दोन गोल केले.

हंगामाच्या अखेरीस हायडेनहाइम, ब्रेमेन आणि फ्रायबुर्ग या तिघांचेही ४२ गुण झाले. गोलफरकाच्या आधारे हायडेनहाइमला आठवा क्रमांक मिळाला. एरवी आठव्या क्रमांकाला युरोपीय स्पर्धेत स्थान मिळत नाही. परंतु लीगचा विजेता असलेल्या बायर लेव्हरकुसेननेच जर्मन चषकही जिंकल्यामुळे चषकविजेत्याची जागा क्रमवारीत खाली सरकली आणि हायडेनहाइमला युएफा कॉन्फरन्स लीगचे दार उघडले.

या यशाची किंमतही लगेच चुकवावी लागली. २०२४ च्या उन्हाळ्यात क्लाइनडीन्स्ट म्योन्शनग्लाडबाखकडे, बेस्टे पोर्तुगालच्या बेन्फिकाकडे आणि उसनवारीवर आलेला एरेन डिंकची फ्रायबुर्गकडे गेला. गोल करणारे आणि गोलाच्या संधी निर्माण करणारे तिघेही एकाच वेळी गेल्याने आक्रमणाची फळी नव्याने उभारावी लागली. पहिले दोन सामने जिंकून संघ गुणतालिकेत अग्रस्थानी गेला होता, परंतु त्यानंतर पराभवांची मालिका सुरू झाली.

कॉन्फरन्स लीगच्या पात्रता लढतीत स्वीडनच्या हेकेन संघावर मात करून हायडेनहाइमने मुख्य स्पर्धेत प्रवेश केला. तेथे सहापैकी तीन सामने जिंकले. पुढे ती स्पर्धा जिंकणाऱ्या चेल्सीविरुद्ध संघाला घरच्या मैदानावर ०–२ असा पराभव पत्करावा लागला. फेब्रुवारी २०२५ मध्ये कोपनहेगनकडून बाद फेरीतील जागेसाठीच्या लढतीत अतिरिक्त वेळेनंतर एकूण ३–४ असे हरून युरोपीय मोहीम संपली.

बुंडेसलीगात संघ २९ गुणांसह १६वा आला आणि त्याला निर्णायक लढत खेळावी लागली. समोर एल्व्हर्सबेर्ग हा हायडेनहाइमहूनही लहान गावातील, तितक्याच झपाट्याने वर आलेला संघ होता. २२ मे २०२५ रोजी घरच्या मैदानावर मध्यंतरास दोन गोलांनी मागे पडूनही हायडेनहाइमने २–२ अशी बरोबरी साधली. २६ मे रोजीच्या दुसऱ्या सामन्यात लिओनार्डो सिएन्सा याने भरपाई वेळेत केलेल्या गोलामुळे २–१ असा विजय मिळाला. २०२० मध्ये खालून वर येऊ पाहणारा हा संघ पाच वर्षांनी वरच्या जागेचे रक्षण करताना त्याच कसोटीतून पार पडला.

मैदान

क्लबचे घरचे मैदान फॉइट-अरेना हे असून त्याची क्षमता १५,००० प्रेक्षकांची आहे. शहराच्या लोकसंख्येच्या जवळपास तीन दशांश लोक त्यात सामावू शकतात. पूर्वी आल्बश्टाडियोन या नावाने ओळखले जाणारे हे मैदान 'श्लोसबेर्ग' म्हणजे किल्ल्याच्या डोंगरावर, समुद्रसपाटीपासून ५५५ मीटर उंचीवर आहे. क्लब वरच्या श्रेणीत जात राहिला, तसतसा मैदानाचा टप्प्याटप्प्याने विस्तार करण्यात आला.

वैशिष्ट्ये

लहान गावातील संघ बुंडेसलीगात पोहोचल्याचे उदाहरण हायडेनहाइमपूर्वीही आढळते. जेमतेम तीन हजार वस्तीच्या हॉफेनहाइमचा संघ २००८ मध्ये सर्वोच्च श्रेणीत गेला होता. तथापि त्यामागे डीटमार होप या उद्योजकाचे मोठे आर्थिक पाठबळ होते, तर लाइपझिगच्या मागे एका पेयनिर्मिती कंपनीचे. हायडेनहाइमचा खर्च मुख्यतः स्थानिक प्रायोजकांच्या आधारावर उभा राहिला. खेळाडूही प्रामुख्याने खालच्या श्रेणींतून अथवा मोठ्या क्लबांत संधी न मिळालेल्यांतून निवडले गेले. बेस्टे हे याचे ठळक उदाहरण होय. २०२२ मध्ये तो ब्रेमेनहून आला आणि मार्च २०२४ मध्ये त्याची जर्मनीच्या राष्ट्रीय संघात निवड झाली. दुखापतीमुळे त्याला खेळता आले नाही, तरी या क्लबचा खेळाडू असताना राष्ट्रीय संघात निवडला गेलेला तो पहिलाच होता.

खेळाच्या दृष्टीने सातत्याने धावणे, चेंडू गमावताच प्रतिस्पर्ध्यावर दबाव आणणे आणि फ्री किक व कॉर्नरचा पुरेपूर लाभ घेणे ही श्मिट यांच्या संघाची ओळख आहे. पराभवानंतर प्रशिक्षक बदलण्याची प्रथा सर्वत्र रूढ असताना सानवाल्ड व श्मिट या गावच्याच दोघांची जोडी कायम ठेवणे हे क्लबच्या धोरणाचे मुख्य सूत्र राहिले. मात्र चांगले खेळाडू घडवले की ते अधिक श्रीमंत क्लबांकडे जाणार, ही मर्यादा या धोरणालाही ओलांडता आलेली नाही. २०२४–२५ चा हंगाम त्याचीच साक्ष देतो.

वाटचालीचे प्रमुख टप्पे

१८४६ – मूळ व्यायामसंस्थेची स्थापना
१९११ – शहरात संघटित फुटबॉलचा आरंभ
१९७२ – हायडेनहाइमर श्पोर्टबुंडची निर्मिती
२००४ – ओबरलीगात प्रवेश
२००७ – स्वतंत्र क्लबची स्थापना. श्मिट यांची नियुक्ती
२००९ – तिसऱ्या लीगात बढती
२०१४ – तिसऱ्या लीगाचे विजेतेपद. दुसऱ्या बुंडेसलीगात बढती
२०२० – निर्णायक लढतीत ब्रेमेनकडून बढतीची संधी हुकली
२०२३ – दुसऱ्या बुंडेसलीगाचे विजेतेपद, बुंडेसलीगात प्रवेश
२०२४ – बुंडेसलीगात आठवा क्रमांक. युरोपीय स्पर्धेत पदार्पण
२०२५ – निर्णायक लढतीत एल्व्हर्सबेर्गवर मात. बुंडेसलीगातील स्थान कायम