कराटेच्या पट्ट्याला रंग दिला कोणी?

पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा, तपकिरी, काळा. संध्याकाळी शाळेच्या मैदानावर भरणाऱ्या कराटे क्लासमधल्या दहा वर्षांच्या मुलालाही हा क्रम पाठ असतो. क्लासागणिक एखादा रंग मागेपुढे होतो, एवढंच. आईवडील पुढच्या बेल्टच्या परीक्षेची तारीख विचारतात, नवा पट्टा मिळाला की घरी पेढे येतात. ही सारी जपानची शेकडो वर्षांची परंपरा आहे असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात हे रंग कराटेकडे ज्युडोतून आले आणि ज्युडोत त्यांची लेखी नोंद सापडते ती लंडनमध्ये, १९२७ साली. जपानी शिक्षक परदेशात शिकवायला गेले नसते तर आपल्या मुलांच्या कमरेला पांढरा आणि काळा यापलीकडे फारसं काही आलं नसतं.

पांढरा आणि काळा मात्र अस्सल जपानी. ज्युडोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योच्या एका देवळात बारा चटयांच्या जागेत कोदोकान ही आपली शाळा सुरू केली आणि १८८३ मध्ये दोन शिष्यांना पहिली ‘दान’ श्रेणी दिली. ही श्रेणीची कल्पना त्यांनी चक्क एका बैठ्या खेळातून उचलली. ‘गो’ या सोंगट्यांच्या खेळात होनिन्बो दोसाकू या सतराव्या शतकातल्या उस्तादाने खेळाडूंच्या पायऱ्या ठरवल्या होत्या. त्याच कानोंनी कुस्तीच्या आखाड्यात आणल्या. काळा पट्टा त्यानंतर थोड्याच वर्षांत आला.

मधल्या रंगांबद्दल एक लाडकी दंतकथा आहे. जुने शिष्य म्हणे पट्टा कधी धूत नसत. घामाने तो पिवळा पडे, गवताने हिरवा, मातीने तपकिरी आणि शेवटी मळून काळा. शिबिरांमध्ये ही गोष्ट डोळे मिटून सांगितली जाते, पण ती टिकत नाही. मळाने कापड निळं कसं होणार? वर्षानुवर्षं वापरलेला काळा पट्टा हातात घेऊन पाहा: जिथे गाठ बसते तिथलं काळं कापड विरतं आणि आतला पांढरा सुती गाभा डोकावू लागतो. वापराने पट्टा पांढरा होत जातो, काळा नाही.

खरा वाद लंडन आणि पॅरिस यांच्यातला. फ्रेंच ज्युडोपटू रंग आणल्याचा मान मिकिनोसुके कावाइशी यांना देतात. ते १९३५ मध्ये पॅरिसला आले आणि त्यांनी फ्रेंचांसाठी शिकवण्याची पद्धतच नव्याने बांधली. डावांची जपानी नावं फ्रेंच जिभेवर बसेनात, तेव्हा त्यांनी डावांना क्रमांक दिले: पायाचा पहिला डाव, कमरेचा दुसरा डाव. प्रत्येक टप्प्याला रंगही ठरवला. इतकी नेटकी मांडणी दुसऱ्या कोणी केली नव्हती, म्हणून श्रेयही त्यांच्याच पदरात पडलं.

पण लंडनची बाजू कागदावर आहे. गुंजी कोइझुमी यांनी १९१८ मध्ये तिथे ‘बुदोक्वाइ’ ही संस्था काढली. तिच्या १९२६ च्या वार्षिक प्रात्यक्षिकात रंगीत पट्टे दिसले आणि जून १९२७ च्या समितीच्या इतिवृत्तात रंगीत पट्टेवाल्यांच्या याद्याच आहेत. कावाइशी १९२८ मध्ये याच संस्थेला भेट देऊन गेले होते. म्हणजे रंग त्यांनी पाहिले लंडनला आणि सात वर्षांनी मांडले पॅरिसला. माझ्या मते वाद इथेच मिटतो. कावाइशींनी रंगांना शिस्त दिली आणि ते युरोपभर नेले, पण बी लंडनचं.

हेच रंग का, यावर ब्रिटनमध्ये एक मजेदार तर्क ऐकू येतो: हा क्रम स्नूकरच्या चेंडूंवरून घेतला. हा तर्क आपल्याला मोहात पाडणारच, कारण स्नूकरचा जन्म १८७५ मध्ये आपल्या जबलपूरच्या लष्करी छावणीत झाला असं मानलं जातं. शिवाय स्नूकरची पहिली व्यावसायिक जागतिक स्पर्धाही १९२७ मध्येच संपली. हा तर्क खरा ठरला तर कराटेच्या पट्ट्यात नर्मदेकाठचा एक धागा निघेल! पण चेंडू ओळीने मांडले की अडचण दिसते. पिवळा, हिरवा, तपकिरी, निळा, गुलाबी, काळा. पट्ट्यांमध्ये तपकिरी काळ्याच्या अगदी अलीकडे आहे, स्नूकरमध्ये तो निळ्याच्याही आधी. गुलाबी पट्टा तर कोणी बांधतच नाही. तेव्हा जबलपूरचा दावा जड मनाने सोडावा लागतो.

दुसरा तर्क रंगाऱ्याचा. एकच पांढरा पट्टा पुन्हा पुन्हा रंगवायचा असेल तर फिक्याकडून गडदाकडेच जावं लागतं: पिवळ्यावर हिरवा चढतो, हिरव्यावर पिवळा चढत नाही. काहीजण याचं मूळ दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कापडटंचाईत शोधतात. ते कालक्रमात बसत नाही, कारण रंग युद्धाच्या कितीतरी आधी आले. मात्र क्रमाचं स्पष्टीकरण म्हणून मला हाच तर्क सर्वांत सरळ वाटतो. त्याला जोडून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. कोइझुमी पोटासाठी ज्युडो शिकवत नव्हते. ते जपानी लाखकामाचे जाणकार होते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाला त्यांनी या विषयात सल्ला दिला आणि १९२३ मध्ये लाखकामावर पुस्तकही लिहिलं. लाखेचा एक थर द्यायचा, वाळू द्यायचा, घासायचा, मग दुसरा. थरावर थर चढवत वस्तू पूर्णत्वाला न्यायची, हे ज्याच्या हातात मुरलेलं आहे त्याला शिष्यावर एकेक रंग चढवणं सुचलं, यात नवल ते काय? हा माझा अंदाज आहे, पण तो मी सहजी सोडणार नाही.

आता मुख्य प्रश्न: रंगांची गरज परदेशातच का पडली? एरवी उत्तर मिळतं की पाश्चात्त्य विद्यार्थी उतावीळ, त्यांना सतत बक्षीस लागतं. हे उत्तर मला अपुरं वाटतं आणि थोडं अन्यायाचंही. कोल्हापूरच्या तालमीत शंभर पोरं एकसारख्या लंगोटात उतरतात, तरी कोणाला कोणाशी झुंजवायचं हे वस्तादांना विचारावं लागत नाही, कारण रोज पहाटे ते त्याच पोरांना पाहत असतात. तोक्योच्या गुरूचंही तसंच होतं. परदेशात गेलेला शिक्षक मात्र आज या शहरात, उद्या त्या देशात. युकिओ तानी १९०० मध्ये लंडनला आले ते रंगमंचावर आव्हानाच्या कुस्त्या खेळत गावोगाव फिरले. कावाइशी अमेरिका, ब्राझील, इंग्लंड करत फ्रान्सला पोचले. खुद्द कानो १९२० मध्ये लंडनला येऊन तानी आणि कोइझुमी यांना दुसरी दान देऊन गेले. अशा पाहुण्याला समोरच्या माणसाची पायरी एका नजरेत कळायला हवी.

आजच्या ज्युडो शिबिरात हे लख्ख दिसतं. बाहेरून आलेले सेन्सेई म्हणजे शिक्षक, चार गावांची मुलं, हाताशी दोन दिवस, मध्ये दुभाषा. सेन्सेई नावं विचारत नाहीत, आधी कमरा पाहतात. काळे पट्टे एका टोकाला, पांढरे दुसऱ्या. प्रात्यक्षिकाला बोलावतात ते तपकिरी पट्ट्याला, कारण त्याला फेकलं तर तो हात आपटून नीट पडेल. पिवळ्याला खांद्यावरून फेकलं तर त्याचं मनगट जाईल. म्हणून माझं ठाम मत आहे की रंगीत पट्टा जन्मला तो विद्यार्थ्याच्या हौसेपोटी नव्हे, फिरतीवरच्या शिक्षकाच्या सोयीसाठी.

आता पुन्हा कराटेकडे येऊ. कराटेचे फुनाकोशी यांनी १९२४ मध्ये ज्युडोवरूनच काळा पट्टा घेतला. पुढे परदेशी क्लासांतले रंगही कराटेत शिरले आणि जगभर गेले. कोदोकानमध्ये प्रौढांना आजही पांढरा, तपकिरी, काळा एवढंच पुरतं.

आपल्याकडची कहाणी अजून लिहायची आहे आणि तिचे कागद घराघरांत पडून आहेत. १९७०-८० च्या दशकात मुंबई-पुण्यात कराटे किंवा ज्युडो शिकलेल्यांनी आपली ग्रेडिंगची कार्डं, परदेशी शिक्षकांसोबतचे फोटो, जुने पट्टे रद्दीत घालू नयेत. फोटोच्या मागे साल, गाव आणि शिकवणाऱ्याचं नाव आजच लिहून ठेवावं.