लहान मुलांचे व्रण आणि जीवनसत्त्वांची मलमे

सायकलवरून पडून फुटलेला गुडघा, कपाळावर घातलेले टाके, चहा सांडून भाजलेला हात. जखम भरून येते, व्रण मात्र मागे उरतो, आणि तो मुलीच्या चेहऱ्यावर असेल तर घरातील काळजी दुप्पट होते. मग सुरू होतात उपाय. त्यांतील सर्वाधिक प्रचलित उपाय म्हणजे 'ई' जीवनसत्त्वाची कॅप्सूल सुईने टोचून तिच्यातील तेल व्रणावर चोळणे. हेच जीवनसत्त्व असलेली मलमेही औषधांच्या दुकानांत सहज मिळतात. त्यांचा उपयोग खरोखर किती होतो?

त्वचेचा केवळ वरचा पापुद्रा खरचटला तर सहसा व्रण राहत नाही. जखम खालच्या थरापर्यंत पोहोचली, की शरीर ती जागा कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाने घाईघाईने सांधते. हे तंतू मूळ त्वचेसारखे नीट विणलेले नसतात. त्यामुळे व्रण सुरुवातीला लालसर, टणक आणि खाजरा असतो. पुढे सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत त्याची फेररचना चालते आणि बहुतेक व्रण आपोआप मऊ व फिके होतात. मुलांमध्ये हा लालसरपणा अनेकदा अधिक काळ टिकतो. नेमक्या याच काळात जे मलम चोळले जाते, त्याला निसर्गाच्या कामाचे श्रेय मिळते. कॅप्सूलच्या लौकिकाचे बरेचसे रहस्य येथे आहे.

'ई' जीवनसत्त्वाचा शोध १९२२ साली लागला. ते पेशींचे ऑक्सिडीकरणापासून संरक्षण करते, म्हणून व्रणावरही ते गुणकारी ठरेल, हा तर्क चुकीचा नव्हता. मात्र १९९९ साली अमेरिकेतील मायामी येथील त्वचारोगतज्ज्ञांनी तो तपासून पाहिला. त्वचेच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर १५ रुग्णांच्या व्रणाच्या एका भागावर साधे मलम आणि दुसऱ्या भागावर 'ई' जीवनसत्त्वयुक्त मलम लावण्यात आले. नव्वद टक्के व्रणांत काहीही फायदा दिसला नाही किंवा व्रण अधिकच वाईट दिसू लागला. एक तृतीयांश रुग्णांना तर मलमाचीच ॲलर्जी होऊन त्वचेचा दाह झाला.

हे रुग्ण प्रौढ होते. मुलांपुरते बोलायचे तर २०१० साली प्रसिद्ध झालेला इटलीतील ४२८ मुलांवरील अभ्यास वेगळे चित्र मांडतो. त्यात शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतरही 'ई' जीवनसत्त्वाचे मलम लावलेल्या मुलांमध्ये कीलॉइड, म्हणजे जखमेची सीमा ओलांडून वाढणारा व्रण, आढळला नाही. साधे मलम लावलेल्या गटात तो काही मुलांना झाला. परंतु पडण्या-भाजण्याआधी मलम लावून ठेवणे कोणाला शक्य आहे? नंतर २०१६ साली झालेल्या आढाव्यात, केवळ 'ई' जीवनसत्त्वाच्या मलमाची शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असाच निष्कर्ष निघाला.

'क' जीवनसत्त्वाची गोष्ट निराळी. त्याशिवाय कोलॅजेन नीट तयारच होत नाही. पूर्वी स्कर्व्ही झालेल्या खलाशांच्या जुन्या, भरलेल्या जखमाही पुन्हा उघडत. मात्र ते पोटातून मिळावे लागते. आवळा, पेरू, लिंबू यांतून ते भरपूर मिळते. 'अ' जीवनसत्त्वापासून बनविलेली ट्रेटिनॉइनसारखी औषधे त्वचेची आग करतात, म्हणून मुलांना ती तज्ज्ञाच्या सल्ल्याविना लावू नयेत. 'बी-५' वर्गातील पॅन्थेनॉलमुळे त्वचेतील ओलावा टिकतो व खाज कमी होते. व्रण पुसला जात नाही.

मग करावे काय? ताज्या जखमेवर पेट्रोलियम जेली लावून ती झाकून ठेवावी, खपली उपटू देऊ नये. जखम पूर्ण भरल्यावर व्रण जाड होऊ लागला, तर सिलिकॉनची पट्टी किंवा जेल हा अधिक विश्वासार्ह उपाय मानला जातो. पट्टी दिवसातून किमान १२ तास, असे निदान दोन-तीन महिने वापरावी लागते. धावत्या-खेळत्या मुलाच्या अंगावर ती टिकविणे हीच खरी कसोटी! हलका मसाज आणि उन्हापासून बचावही उपयोगी पडतो, कारण कोवळा व्रण उन्हाने काळवंडतो. सहा महिन्यांखालील बाळाला मात्र सनस्क्रीनऐवजी कपड्यानेच झाकावे.

दुकानदाराने डाग घालविण्यासाठी दिलेल्या मलमात स्टेरॉइड नाही ना, हे वेष्टनावर जरूर पाहावे. मुलांची त्वचा त्याने पातळ होते. दंडावरील बीसीजी लशीचा व्रण हा लशीचा स्वाभाविक परिणाम आहे. त्यावर काहीही लावण्याचे कारण नाही. याउलट कोपर, बोटे, मान अशा सांध्यांवर भाजल्याचा व्रण असेल, तर मलमांच्या प्रयोगात महिने दवडू नयेत. असा व्रण आकसतो आणि मूल वाढते. त्यामुळे सांधा आखडून हालचालच खुंटू शकते. अशा मुलाला प्लास्टिक सर्जनला लवकर दाखवावे.